शब्दचर्चा : गाशा, नारळ की रामराम?

परवा आमच्यात फुटबॉलमधल्या एका जुन्या हीरोवरून चांगलीच जुंपली. गडी सदतिशी ओलांडलेला, करार संपत आलेला, आणि ‘आता युरोप सोडणार’ अशी हवा. मी म्हणालो, ‘बास झालं, आता त्यानं गाशा गुंडाळावा.’ त्यावर एक मित्र असा भडकला की बोलायची सोय नाही. ‘गाशा गुंडाळायला तो काय बुडालेला दुकानदार आहे?’ माझ्या डोक्यात गाशा गुंडाळणे म्हणजे नुसतं निघणं. मंडळी, तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर? आणि गाशा म्हणजे नक्की काय असतं?

• • •

गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं आच्छादन. मुक्काम हलायचा तेव्हा ते गुंडाळायचं. त्या हिशेबानं तुमचं बरोबर. पण शब्द मुळाशी राहत नाहीत. आज कंपनी गाशा गुंडाळते, सर्कस गाशा गुंडाळते, म्हणजे इथलं बस्तान उठलं, धंदा बसला. त्यामुळे मित्राचा राग रास्त आहे.

स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबात खेळणाऱ्या बेकहॅमचं पाहा. जानेवारी २००७ मध्ये तो अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या क्लबात जाणार हे जाहीर झालं. प्रशिक्षक कापेलोनं त्याला संघाबाहेर बसवलं. तेव्हा ‘गाशा गुंडाळला’ हे शब्द अगदी चपखल बसले असते. पण त्याच कापेलोला त्याला परत घ्यावं लागलं आणि जूनमध्ये रेआल माद्रिद स्पेनची लीग स्पर्धा जिंकून बसलं. गुंडाळलेला गाशा पुन्हा पसरला म्हणायचा का?

(जाता जाता : ‘गाशा’ मूळचा अरबी. सौदीतल्या रियाधला निघालेल्या खेळाडूला हा शब्द लावला की खेळाडू परक्या मुलखात आणि शब्द माहेरी.)

• • •

गाशाचं ठीक आहे, पण खरं भांडण ‘कोणी कोणाला सोडलं’ याचं असतं, आणि मराठीत ते क्रियापद निवडतानाच ठरून जातं.

क्लबनं ‘नारळ दिला’ म्हटलं की देणारा क्लब, घेणारा खेळाडू. ‘रामराम ठोकला’ म्हटलं की उठून जाणारा खेळाडू. ‘सोडचिठ्ठी’ दोन्ही बाजूंनी चालते, पण चिठ्ठी कोणीतरी एकानं लिहावीच लागते. आता रोनाल्डो घ्या. नोव्हेंबर २०२२. आधी टीव्हीवरच्या मुलाखतीत क्लबवर तोंडसुख घेतलं, मग मँचेस्टर युनायटेडनं जाहीर केलं की परस्पर संमतीनं करार संपला. डिसेंबर संपता संपता तो रियाधच्या अल नस्र क्लबाचा झाला. त्याचे चाहते म्हणतात रामराम, युनायटेडचे म्हणतात नारळ. बातमी एकच! ‘परस्पर संमती’ला जोडीचा एकही वाक्प्रचार मला आठवत नाही. आपल्या भाषेत निघणाऱ्याच्या मागे कोणीतरी ढकलणारा लागतोच की काय, कोण जाणे.

नारळ मात्र मला तितका वाईट वाटत नाही. त्यात निरोप आहे, मानही आहे. थॉमस म्युलरला २०२५ मध्ये जर्मनीच्या बायर्न क्लबनं नवा करार दिला नाही. त्याची राहायची इच्छा होती. पंचवीस वर्षं एकाच क्लबात! मग तो कॅनडातल्या व्हँकुव्हरला गेला. याला मी ‘नारळ दिला’ म्हणेन, आणि तो शब्द वापरताना मला क्लबचा थोडा रागही येईल. हे दोन्ही एका शब्दात मावतं.

• • •

‘उचलबांगडी’ तेवढी कोणी वापरू नका. हातपाय धरून उचलून नेणं ते. करारात असलेला खेळाडू त्याच्या होकाराशिवाय विकताच येत नाही.

• • •

ट्रान्सफरला, म्हणजे खेळाडूनं क्लब बदलण्याला, ‘बदली’ लिहिणाऱ्यांना दंड हवा. मैदानावर ‘बदली खेळाडू’ म्हणजे सत्तराव्या मिनिटाला उतरणारा. ‘बदलीची चर्चा’ म्हटलं की कळतच नाही, क्लब बदलणार की बाकावरून उठणार. ‘हस्तांतरण’ त्याहून वाईट, सातबाऱ्याचा वास येतो. शिवाय या वयात बहुतेकांचा करारच संपलेला असतो. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालानंतर युरोपात करार संपलेला खेळाडू जुन्या क्लबला पैसे न देता नेता येतो. मेस्सी २०२३ मध्ये पॅरिसहून निघाला तो असाच. मग कोणी कोणाच्या हातात काय दिलं? सरळ ‘ट्रान्सफर’ लिहावं.

• • •

तुम्ही सगळे ‘परदेश’ शब्दाकडे का बघत नाही? अर्जेंटिनाचा मेस्सी तेरा वर्षांचा असल्यापासून परदेशीच आहे. पोर्तुगालचा रोनाल्डो मँचेस्टरमध्ये कुठे स्वदेशी होता? मोद्रिच २०२५ मध्ये माद्रिद सोडून इटलीतल्या मिलानला गेला, देश बदलला, पण ‘म्हातारपणी परदेशी कशाला?’ असं कोणी विचारलं नाही. मायामी किंवा रियाध म्हटलं की मात्र लगेच परदेश. म्हणजे चाहत्यांच्या बोलण्यात परदेश म्हणजे युरोपची वेस ओलांडणं. मग ‘वेशीबाहेर’ म्हणा की! मतही त्यात उघड दिसतं : गाव म्हणजे युरोप, बाकी सगळं रान.

• • •

वेशीबाहेर, व्वा. पण मूळ वाद वयाचा आहे ना? त्यात तर आपण आणखी बेफिकीर आहोत. ‘वयस्क’, ‘वयोवृद्ध’ हे छत्तीस वर्षांच्या माणसाला? ‘थकला’ हा शब्द मला आवडतो, कारण घरातल्या मोठ्यांबद्दल आपण ‘आता थकलेत’ म्हणतो ते मायेनं. फुटबॉलमध्ये मात्र तो घोटाळा करतो. ऐंशीव्या मिनिटाला थकला की कारकिर्दीत थकला?

आणि थकण्याच्या शेजारीच मुरणं असतं. बचावपटू थियागो सिल्वा २०२० मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबात आला तेव्हा पस्तीस पूर्ण होता, पुढच्याच वर्षी युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, जिंकला. बचावात नजर मुरलेली असली तर पाय थोडे थकलेले चालतात. पंखावरून, म्हणजे मैदानाच्या कडेनं, धावणाऱ्याला ती सवलत नाही. इब्राहिमोविच तर वेशीबाहेर जाऊन परत आला. लॉस एंजेलिसहून मिलानला, आणि २०२२ मध्ये चाळिशीत इटलीच्या लीगचा विजेता. त्या पोरसवदा संघात तो खरा मुरब्बी. ‘मुरब्बी’ म्हणजे आधी पालक, आश्रयदाता. अनुभवी हा अर्थ मागून आला. त्याला दोन्ही लागू.

तरी सांगतो, माझं मत तुमच्या हीरोनं जावं असंच आहे. फक्त ते ‘म्हातारा झाला’ म्हणून नको.

• • •

जाणार की नाही हे ठरलंय का? नाही ना? मग ‘म्हणे’ कुठे गेलं? ‘जाणार आहे’ आणि ‘जाणार म्हणे’ यात जबाबदारीचा फरक आहे. वर्तमानपत्रांनी त्यावर ‘च्या वाटेवर’ हा तोडगा काढलाय : अमुक सौदीच्या वाटेवर. २०२३ च्या जूनपर्यंत मेस्सी रियाधच्याही वाटेवर होता आणि बार्सिलोनाच्याही. पोचला मायामीला. वाटेवर असण्याचा हाच फायदा, कुठेच पोचावं लागत नाही.

• • •

धन्यवाद मंडळी. गाशा मागे घेतो. मला शेवटी पेलेवरून पटलं. १९७४ मध्ये ब्राझीलचा सांतोस क्लब सोडून थांबलेला माणूस १९७५ मध्ये न्यूयॉर्कला कॉसमॉस क्लबाकडून उतरला आणि १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये निरोपाचा सामना खेळला तो याच दोन क्लबांमधला. अर्धा वेळ नव्यांकडून, अर्धा जुन्यांकडून. अशा माणसानं गाशा गुंडाळला म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून मित्राला नवं वाक्य पाठवलं : ‘त्यानं आता मुक्काम हलवावा.’

त्याचं उत्तर आलंय : ‘हलवावा नाही. हलवणार म्हणे.’