रात्रपाळीत हार्ट अटॅकचा पेशंट: डॉक्टर पोचेपर्यंत सिस्टरने काय उरकायचं?

ग्रामीण रुग्णालय. रात्री कॅज्युअल्टीत एक सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय). डॉक्टर क्वार्टरवर, कॉलवर. ईसीजी मशीन, मॉनिटर, डीफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) आहे, टेनेक्टेप्लेज (रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) स्टॉकमध्ये आहे. कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी होते) अडीच तासांवर. कामांचा क्रम कसा ठेवावा आणि इंजेक्शन देताना नेमकं कुठे चुकतं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, केसपेपर नंतर. पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत १२ लीडचा ईसीजी निघून डॉक्टरांच्या मोबाइलवर गेला पाहिजे. व्ही१, व्ही२ हे छातीवरचे लीड चौथ्या बरगडीखालच्या फटीत. घाईत ते दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लागतात आणि ईसीजीची पट्टी उगाच बिघडलेली दिसते. २, ३, एव्हीएफ या लीडमध्ये एसटी (पट्टीवरच्या रेषेचा एक भाग) वर असेल तर व्ही४चा लीड उजव्या बाजूला लावून आणखी एक पट्टी काढाच. उजव्या बाजूचा अटॅक असेल तर सॉर्बिट्रेटने (जिभेखाली ठेवायची गोळी) बीपी धाडकन कोसळतं. सिस्टोलिक (वरचं) बीपी ९० च्या खाली असलं किंवा २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रासारखी गोळी) घेतलेली असली तरी सॉर्बिट्रेट नको. नातेवाइकांसमोर पेशंट हे सांगत नाही, त्यांना बाहेर पाठवून विचारा.

मॉनिटर लगेच लावा, डीफिब्रिलेटर खाटेशेजारी चालू करून ठेवा. सुई डाव्या हाताला, १८ नंबरची. उजवं मनगट मोकळं सोडा, पुढे अँजिओप्लास्टी बहुधा तिथूनच होते. अ‍ॅस्पिरिन ३०० ते ३२५ मिग्रॅ, चावून. कोटिंगवाली गोळी नको, ती सावकाश विरघळते.

धागाकर्ती

ऑक्सिजन सगळ्यांनाच लावायचा ना? आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

प्रतिसाद २

नाही. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९० टक्क्यांच्या खाली असेल किंवा धाप असेल तरच. सवयीने नळी लावण्यात वेळ मात्र जातो.

आता टेनेक्टेप्लेज. कॅथलॅब १२० मिनिटांत गाठता येत नाही, म्हणजे ते तुमच्याकडेच द्यायचं. आधी विचारून लिहून ठेवा: मेंदूत रक्तस्राव कधी झाला होता का, अलीकडे पक्षाघात, डोक्याला मार, ऑपरेशन, काळी शौच. बीपी दोन्ही हातांत घ्या. मोठा फरक आला किंवा १८०/११० च्या वर असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डोस वजनावर: ६० किलोखाली ३० मिग्रॅ, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० च्या पुढे ५०. पंचाहत्तरीपुढे डॉक्टर बहुधा निम्मा सांगतात. वजन अंदाजाने लिहू नका. सोबतच्या पाण्यात औषध मिसळताना बाटली हलवू नका, फेस येतो. हलकी गोल फिरवा. मिलीला ५ मिग्रॅ होतं, म्हणजे ४० मिग्रॅला ८ मिली. पाच सेकंदांत एकदम द्यायचं.

सगळ्यात जास्त घोटाळा सलाईनच्या नळीत होतो. त्या लाइनीतून डेक्स्ट्रोज चालू असेल तर औषध साकळतं. आधी आणि नंतर नॉर्मल सलाईनने फ्लश करा.

प्रतिसाद ३

यात भर: टेनेक्टेप्लेजनंतर स्नायूत एकही इंजेक्शन नको, तिथे रक्त साचून गाठ येते. पहिला तास १५ मिनिटांनी बीपी आणि शुद्ध पाहा; डोकं दुखलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं तर सोबत चालू असलेलं हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) थांबवून डॉक्टरांना फोन. रक्तवाहिनी उघडताना मॉनिटरवर रुंद, संथ ठोके दिसतात. नाडी आणि बीपी नीट असेल तर शॉक देऊ नका. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी: एसटी निम्म्याने खाली आला नाही तर १०८ लगेच बोलवा. आला असला तरी २४ तासांत अँजिओग्राफीला पाठवायचंच. दोन्ही पट्ट्यांवर वेळ, आणि इंजेक्शनची वेळ मोठ्या अक्षरात रेफरल चिठ्ठीवर.