मदत हवी आहे: क्रोशाच्या पट्टेरी मफलरची सुटी टोके आणि दशा

नमस्कार.

आमच्या फोंडा तालुक्यातील गावात जत्रेनिमित्त यंदा मुलांचे नाटक बसवले जात आहे. नाटक जादूच्या शाळेचे आहे. तिथल्या प्रत्येक घराण्याचा दोन रंगांचा मफलर असतो आणि माझ्या दहा वर्षांच्या भाचीच्या वाट्याला मरून व मोहरी रंगाचे आडवे पट्टे आले आहेत. तो मफलर मी स्वतः विणून देईन, असा शब्द मी तिला दिला आहे.

लोकर मुद्दामच टाळली. मार्गशीर्षातल्या रात्री आमच्याकडे थोडा गारवा असला, तरी रंगमंचाच्या दिव्यांखाली लोकर गळ्यात घेऊन तासभर उभे राहणे लहान मुलीला सोसणार नाही, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जाड सुती दोरा आणला. क्रोशाची सुई ४ मिलिमीटरची, रुंदीला ३२ अर्धे खांब (क्रोशाचा मध्यम उंचीचा टाका), म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर, आणि पट्टा १० ओळींचा, असा बेत आहे. १५० सेंटिमीटर लांबीत १५ पट्टे बसतात, म्हणजे प्रत्येक पट्ट्याच्या दोऱ्याची दोन धरून सुटी टोके ३० होतात.

खरी अडचण या टोकांचीच आहे. मफलर लांबीच्या दिशेने विणला असता, तर टोके दोन्ही बाजूंच्या दशांत मिसळून गेली असती, परंतु मग पट्टे उभे येतील आणि नाटकात तर ते आडवेच हवेत. नळीसारखा गोल विणावा तर टोके आत दडतील, पण दोरा दुप्पट लागेल आणि गळ्याभोवती ओझे होईल. शिवणाच्या सुईने टोके ओवून पाहिली, पण सुती दोरा गुळगुळीत असल्यामुळे दोन दिवसांत ती पुन्हा बाहेर डोकावू लागली. शिवाय रंग बदलतो तिथे मोहरी ओळीच्या अगदी कडेला मरून रंगाचा एक फंदा दिसतो. पाचवा पट्टा संपल्यावर मोजले, तर टाके २८ भरले. मी कुठे चुकते आहे, हे कृपया कोणी सांगावे. दशा नेमक्या किती लांब कापाव्यात, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद:

ताई, टाके बहुधा ओळीच्या शेवटी सुटत आहेत. वळताना घातलेल्या दोन साखळ्या टाका म्हणून धरू नका. पहिला अर्धा खांब पहिल्याच टाक्याच्या माथ्यात घाला आणि दोन्ही कडेच्या टाक्यांना सेफ्टी पिन अडकवून ठेवा. जिथे ३२ टाके पूर्ण भरतात तिथपर्यंत उसवावे लागेल, त्याला इलाज नाही.

रंग ओळ संपल्यावर बदलू नका. शेवटच्या अर्ध्या खांबाचे तीन फंदे सुईवर असतानाच जुना दोरा सोडा आणि नवा दोरा त्या तिन्ही फंद्यांतून ओढा, म्हणजे कडेचा मरून फंदा दिसणार नाही. पट्ट्याच्या ओळी तुम्ही सम ठेवल्या आहेत, हे फार चांगले केलेत. त्यामुळे सगळे रंगबदल एकाच कडेला येतात.

टोके १५ सेंटिमीटर लांब ठेवा. नव्या रंगाचे टोक मागच्या ओळीच्या माथ्यावर आडवे धरून त्याच्यावरूनच आठ-दहा टाके विणा, मग शिवणाच्या सुईत ओवून उलट दिशेने चार टाके परत आणा. जुन्या रंगाचे टोक त्याच रंगाच्या ओळीत असेच पुढे आणि मग मागे ओवा. दिशा बदलली की सुती दोरासुद्धा सुटत नाही.

दशा १० सेंटिमीटरच्या हव्या असतील, तर तुकडे २४ सेंटिमीटरचे कापा, कारण ते दुमडायचे असतात आणि गाठीतही थोडा दोरा जातो. एका टाक्यात दोन तुकडे एकत्र ओढून घ्या. सुती दशांचे पीळ सुटत जातात, म्हणून प्रत्येक दशेच्या टोकाला बारीक गाठ मारा. आणि सगळ्यात आधी दोन्ही रंगांचा लहानसा नमुना विणून, भिजवून, पांढऱ्या फडक्यावर वाळत घाला. मरून रंग फडक्याला लागला, तर तो मोहरीलाही लागेल.