मदत हवी आहे: उबंटूवर दोन डिस्कची नावं आपापसात बदलतात, कायमची कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा फोटो स्टुडिओ आहे. उबंटू (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) असलेल्या मशीनला ४ टीबीच्या दोन सारख्याच यूएसबी डिस्क जोडल्या आहेत. एकीवर लग्नांचे मूळ फोटो, दुसरीवर रोज रात्री आपोआप होणारा बॅकअप.

लाइट जाऊन आली आणि मशीन पुन्हा सुरू झालं की कधी कधी कालची एसडीबी (सिस्टीमने डिस्कला दिलेलं नाव) आज एसडीसी झालेली असते. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीच्या फाइलमध्ये) हीच नावं आहेत, त्यामुळे मूळ फोटोंच्या जागी बॅकअपची डिस्क येऊन बसते. आमची आरसिंक (फाइल कॉपी करून दोन ठिकाणं जुळवणारा प्रोग्राम) वापरणारी स्क्रिप्ट मूळ ठिकाणी नसलेली फाइल बॅकअपमधूनही काढते. म्हणजे अदलाबदल झालेली असताना ती चालली, तर दिवसभरात उतरवलेलं सगळं पुसलं जाईल. कुणाच्या घरचं लग्न पुन्हा लागत नाही, म्हणून सध्या स्क्रिप्ट बंद ठेवली आहे.

त्या नावांऐवजी यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा, म्हणजे डिस्कवर फाइल ठेवण्याच्या रचनेचा, ओळख क्रमांक) वापरा असं वाचलं. पण बॅकअपची डिस्क मूळ डिस्कवरून डीडीने (हुबेहूब नक्कल करणाऱ्या कमांडने) क्लोन केलेली आहे आणि बीएलकेआयडी (यूयूआयडी दाखवणारी कमांड) दोन्हींचा यूयूआयडी एकच दाखवतंय! फाइल सिस्टीम ईएक्सटी४. काय करावं? आणि लेबल (डिस्कला आपण दिलेलं नाव) मराठीत चालेल का?

प्रतिसाद:
स्क्रिप्ट बंद ठेवलीत ते उत्तम. कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने ही नावं मिळतात, आणि यूएसबीवर कोणती आधी सापडेल याचा नेम नाही. यूयूआयडी फाइल सिस्टीमच्या आतच लिहिलेला असतो, म्हणून डीडीने तोही जसाच्या तसा उतरला. दोन्ही डिस्क अनमाउंट करा (सिस्टीमपासून सोडवा), एलएसबीएलकेमध्ये (डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) सिरियल नंबर बघून बॅकअपची कोणती ते पक्कं करा आणि ट्यून२एफएसने (ईएक्सटी४ची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने) फक्त तिला नवा यूयूआयडी द्या. मग एफएसटॅबमध्ये दोन्हींचे यूयूआयडी लिहा.

सोबत 'नोफेल' हा पर्याय टाका, म्हणजे एखादी डिस्क काढलेली असली तरी मशीन सुरू होताना अडकणार नाही. पण मग स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच दोन्ही डिस्क माउंट आहेत का हे तपासायलाच हवं. मूळ डिस्क नसेल तर तिथे रिकामा फोल्डर दिसेल आणि आरसिंक अख्खा बॅकअप साफ करेल. हे सगळ्यात महत्त्वाचं.

लेबल मराठीत चालतं, पण ईएक्सटी४ला मर्यादा १६ बाइटची. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेतं. 'नाशिक' १५मध्ये बसेल, 'गोदावरी'ला २१ लागतात.