मदत हवी आहे: गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय, पण खाली थेंबही नाही

१.२ लिटर पेट्रोल इंजिन. दर हजार किलोमीटरला साधारण पाव लिटर कूलंट गायब. पुढच्या सीटखालचं कार्पेट कोरडं आहे, म्हणजे हीटर कोअरवर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) संशय नाही. थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावून १.१ बार दाब दिला (कॅपवर तेवढाच छापलाय). अर्ध्या तासात काटा ०.९ वर. वॉटर पंपाच्या वीप होलखाली (पंपाचं सील गळलं की कूलंट जिथून बाहेर येतं ते छोटं छिद्र) फिकट गुलाबी, वाळलेली खपली दिसते. डिपस्टिकला दुधाळ साय नाही, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट मिसळल्याची खूण नाही. मेकॅनिक मात्र थेट हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) गेलंय म्हणतोय, हे घाईचं वाटतं.

आधी पंप बदलावा, की ब्लॉक टेस्ट (कूलंटमध्ये इंजिनमधला जळलेला वायू शिरतोय का याची तपासणी) करून निळं द्रावण पिवळं होतंय का ते बघावं? पंप काढतोच आहे तर थर्मोस्टॅटही (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) बदलून टाकावा का?