मदत हवी आहे: झानेले मुहोलींविषयी लिहिताना ‘ते’ की ‘त्या’?

मंडळी, दक्षिण आफ्रिकेतल्या छायाचित्रकार झानेले मुहोलींवर मराठीत लेख लिहितोय आणि व्याकरणात अडकलोय. मुहोली स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणवत नाहीत, म्हणजे नॉनबायनरी आहेत, आणि इंग्रजीत ‘दे’ (they) हे सर्वनाम वापरतात. ‘त्यांचा जन्म 1972 चा, डर्बनजवळच्या उमलाझीतला’, ‘त्यांनी 2006 पासून कृष्णवर्णीय लेस्बियन आणि ट्रान्स व्यक्तींची शेकडो कृष्णधवल व्यक्तिचित्रं टिपली’ इथवर मराठी छान साथ देते. ‘टिपतात’लाही अडचण नाही. पण ‘म्हणाले’ की ‘म्हणाल्या’? ‘गेले’ की ‘गेल्या’? प्रत्येक वेळी वाक्य फिरवून फिरवून मजकूर सरकारी परिपत्रकासारखा वाटायला लागलाय! नपुंसकलिंगी अनेकवचन (‘ती मुलं म्हणाली’सारखं) धरून ‘ती म्हणाली’ लिहिलं तर वाचणारा स्त्रीलिंगच समजणार.

मराठीतल्या नॉनबायनरी मित्रमैत्रिणींनो (‘मित्रमैत्रिणी’ हा शब्दही चुकलाच), तुम्ही स्वतःसाठी काय वापरता?

दुसरं, मुहोली स्वतःला कलाकारापेक्षा ‘व्हिज्युअल अ‍ॅक्टिव्हिस्ट’ म्हणवतात. ‘दृश्य कार्यकर्ता’ हास्यास्पद वाटतं, शिवाय पुल्लिंगी. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेनं समलिंगींना संरक्षण दिलं, तरी हल्ले, खून थांबले नाहीत. म्हणून हे चेहरे आणि नावं जपून ठेवायची, हा त्यामागचा अर्थ. त्याला शोभेल असा शब्द सुचवा ना. रविवारपर्यंत मजकूर द्यायचाय.