बेलतरोडीकडे डिमांड भरलेला पण आरएल नसलेला प्लॉट घ्यावा का?

मनीषनगर_भाडेकरू:
नमस्कार मंडळी. घर बांधायचं म्हणून नागपुरात बेलतरोडीच्या पुढे १५०० स्क्वेअर फुटाचा प्लॉट पाहिला, रिसेल आहे, जुन्या सोसायटीनं पाडलेला लेआउट. मालक पुण्याला असतो, सही त्याचा मेव्हणा पॉवर ऑफ अॅटर्नीवर करणार म्हणे. आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं लेटर) नाही पण ब्रोकर सांगून राहिला की डिमांड (विकास शुल्काची मागणी) भरून आहे, लेटर आज ना उद्या येतेच. भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी आहे त्यामुळं बाबांना पटून राहिलं, मला धाकधूक आहे. रविवारी टोकन द्या म्हणून मागे लागलाय. आणि बायकोच्या नावानं घेतला तर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी लागते ना?

तर्री_जास्त:
रविवारीच काहून भाऊ? त्या दिवशी एनएमआरडीएचं (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आरएल देणारं) ऑफिस बंद असते, तुम्ही काही विचारायला जाऊ शकत नाही, म्हणून.
डिमांड भरली म्हणजे फक्त विकास शुल्काचे पैसे जमा झाले. प्लॉट नियमित झाला असं कागदावर सांगते ते आरएल लेटरच, आणि त्याच्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही, बँकाही लोन द्यायला नाक मुरडतात. आता पैसे भरूनही लेटर काहून नाही आलं हा खरा प्रश्न आहे. कधी नुसतंच पेंडिंग असते, पण कधी प्लॉट डीपी रोडमधे (विकास आराखड्यातल्या रस्त्यात) जाते, कधी खेळाच्या मैदानाचं आरक्षण असते, कधी वरून हायटेंशन लाइन नाहीतर बाजूनं नाला. ब्रोकरला हे माहीत असते बरं का, भाव कमी उगाच नाही. गुंठेवारी (मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट) नियमित करायचा कायदा २००१ चा, २०२१ मधे सुधारणा करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना घेतलं, म्हणजे लेआउट त्या तारखेच्या आधीचा आहे याचा पुरावा पण पाहून घ्या.
पावतीची झेरॉक्स मागा, त्यावर मौजा, खसरा नंबर, प्लॉट नंबर आणि नाव मालकाच्या रजिस्ट्रीशी जुळते का पाहा, मग त्या खसऱ्याचा झोन दाखला (आराखड्यात जमीन कशासाठी दाखवली ते सांगणारा) काढा. झेरॉक्स द्यायला टाळाटाळ केली तर पुढं जाऊच नका.

खामल्याचा_वकील:
वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते मोठा धोका पॉवर ऑफ अॅटर्नीचा आहे. ती रजिस्टर्ड आहे का नुसती नोटरी, विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, मालक हयात आहे का (मालक गेला की साधी पॉवर संपते, मेव्हण्याच्या सहीला काही अर्थ उरत नाही). सरळ मालकाशी व्हिडिओ कॉल करा, जमलं तर रजिस्ट्रीला त्यालाच बोलवा, पुणे काही लंडन नाही. आणि कोणी म्हटलं की रजिस्ट्री नंतर करू, आता पॉवर आणि इसारपत्रावर घेऊन ठेवा, तर सुप्रीम कोर्टानं २०११ मधेच सांगितलं आहे की अशा कागदांनी मालकी मिळत नाही.
सोसायटीचा लेआउट असेल तर सोसायटीचं अलॉटमेंट लेटर म्हणजे मालकी नव्हे, सोसायटीनं सभासदाला रजिस्ट्री करून दिलेली पाहिजे. एकच प्लॉट दोघांना विकल्याचे प्रकार आपल्याकडे होतात, म्हणून इंडेक्स टू (रजिस्ट्री झालेल्या व्यवहारांची नोंद) चा ३० वर्षांचा सर्च आणि पेपरात जाहीर सूचना, हे दोन्ही करा. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) दिसलं तर परवानगीशिवाय सौद्याचं बोलूच नका.
स्टॅम्प ड्युटीचं म्हणाल तर ती एक टक्का सवलत राहत्या घराला आहे, फ्लॅट, रो हाऊस, बंगला. मोकळ्या प्लॉटला नाही. रजिस्ट्रेशन फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००.

प्रतापनगरच्या_काकू:
मी विकणाऱ्याच्या बाजूनं सांगते, आमचा एक प्लॉट नुकताच विकला. कागद स्वच्छ असलेला मालक घाई करत नाही रे, त्याला गिऱ्हाईक मिळतेच. टोकन चेकनं दे, त्यावर लिहून घे की आरएल अमुक तारखेपर्यंत नाही आलं तर पूर्ण पैसे परत. रोख मागितले तर नाही म्हण, जमिनीच्या व्यवहारात २०,००० आणि वर रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो, आमच्या सीएनं हेच सांगितलं होतं. विकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा, दोन वर्षांच्या वर ठेवलेल्या प्लॉटवर आता १२.५ टक्के कॅपिटल गेन आहे, २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असेल तर इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून) धरून २० टक्क्यांचा पर्याय पण आहे, दोन्ही हिशोब करून पाहा.
आणि पावसात प्लॉट पाहून ये बाळा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या चांगल्या जुन्या वस्तीत घराघरात पाणी होतं, तिकडं तर नवीन भरण टाकलेल्या जमिनी आहेत. शेजाऱ्यांना विचार, उन्हाळ्यात बोअरला पाणी राहते का टँकर.

मनीषनगर_भाडेकरू:
धन्यवाद सगळ्यांना. ब्रोकरला पावती मागितली तर म्हणे मालकाकडे आहे, आणि मालकाचा नंबर मागितला तर म्हणे आधी टोकन. बाबांना हा थ्रेड वाचायला दिला.

तर्री_जास्त:
मग झालं ना राजेहो! हुडकेश्वर, नरसाळ्याकडं पण पाहा, आरएलवाले प्लॉट रिसेलमधे निघतात, थोडे महाग पडतील. पण लोन लगेच होते आणि नकाशाही टाकता येते.