दहावी भूगोल: भारत-ब्राझीलच्या याद्या पाठ करून गुण का जातात?

शेवटचा_बाक
राज्य मंडळ, दहावी. भूगोल ४० गुणांचा, पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी-शेजारी. मुलगी दोन्हींच्या याद्या पाठ करते आणि पेपरात सरमिसळ करते. 'भौगोलिक कारणे लिहा', वेळेची गणितं, आलेख, सगळीकडे गळती. वर 'अकरावीला सायन्स घेणार, मग एवढं कशाला?' काय करावं?

घाटमाथा
याद्या बाजूला ठेवा दादा. आधी विचारा, वारा कुठून येतो? आपल्याकडे पावसाळी वारे पश्चिमेकडून येऊन सह्याद्रीला अडतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत हजारही नाही. ब्राझीलला वारे अटलांटिकवरून, म्हणजे पूर्वेकडून येतात, किनाऱ्यालगतच्या उंच उताराला, म्हणजे अजस्र कड्याला, अडतात आणि ईशान्येत कड्यामागे 'अवर्षण चतुष्कोन' हा कोरडा भाग पडतो. क्रिया तीच, दिशा उलटी. पाऊस म्हटला की मुलं सवयीने नैर्ऋत्य मोसमी वारे लिहितात, तिथेच फसतात. उत्तरात वारा, अडथळा आणि पलीकडची पर्जन्यछाया, म्हणजे कमी पावसाचा भाग, तिन्ही हवीत. बहुतेकांची तिसरी राहते.

सायन्सचं म्हणाल तर साताऱ्यातले माण-खटाव तालुके याच पर्जन्यछायेत आहेत. तिथे पाणी नेणारा इंजिनिअर सायन्सचाच असतो, आणि त्याला समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) वाचता आल्या नाहीत तर कालवा चढावर जाईल.

मोजपट्टी
पावसाचं बरोबर आहे, पण हमखास गुण गणितात आणि आलेखात आहेत. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व, ब्राझीलची राजधानी ब्राझिलियाची ४५° पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून बेरीज: १२७.५ अंश. अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ५१० मिनिटं, साडेआठ तास. आपल्याकडे दुपारचे १२, तिथे पहाटेचे साडेतीन. वजाबाकी केली की अडीच तास येतात. ही चूक अगदी ठरलेली.

आलेखात आधी सर्वांत मोठा आकडा बघायचा. लोकसंख्या १९५१ ला ३६.१ कोटी, २०११ ला १२१ कोटी. १ सेंमी = २० कोटी धरलं तर स्तंभ १.८ आणि ६ सेंमीचे, पानात आरामात बसतात. १ सेंमी = ५ कोटी घेतलं की २०११ चा स्तंभ २४ सेंमीचा होतो, मग खोडरबर. स्तंभांची रुंदी सारखी, य-अक्ष शून्यापासून, आणि कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं. प्रमाण विसरणारे फार.

शेवटचा_बाक
आभार दोघांचे. ब्राझीलच्या नकाशा आराखड्यात ती शहरं अंदाजाने टाकते, त्याला काही युक्ती?

घाटमाथा
शहरांआधी पेन्सिलने दोन रेषा. विषुववृत्त ॲमेझॉनच्या मुखाजवळून, मकरवृत्त साव पावलोजवळून. मग मॅनॉस विषुववृत्ताच्या थोडं खाली, साव पावलो मकरवृत्ताला चिकटून, रिओ त्याच्या ईशान्येला किनाऱ्यावर. भारताच्या सवयीने कर्कवृत्त काढू देऊ नका, ते ब्राझीलला शिवतही नाही.